मुलीसाठी जुनी पेटी घ्यायची आहे: हातपेटी, स्केल चेंजर की पायपेटी? काय काय तपासावं?

मानेवाड्याची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी नऊ वर्षांची आहे, पेटीच्या (हार्मोनियमच्या) क्लासला जाते. घरी रियाजाला पेटी नाही. क्लासचे सर म्हणाले, एवढ्यात नवी घेऊ नका, चांगली जुनी बघा. बजेट ट्युनिंगसकट १२ हजारांच्या आसपास.

तीन ठिकाणं हाती लागली आहेत:

१) आपल्या नागपुरातल्या महालातल्या एका भजनी मंडळाची साधी पेटी. दोन सुरी (आत सुरांच्या दोन ओळी), ३९ पट्ट्या, नऊ स्टॉप (समोरच्या ओढायच्या खुंट्या). ७ हजार सांगितले.
२) धरमपेठेतली तीन सुरी, ४२ पट्ट्या, स्केल चेंजर (पट्ट्यांचा सांगाडा सरकवून षड्ज बदलता येतो), कपलर. "फक्त दोन वर्षं वापरली." १६ हजार, थोडे कमी करतील.
३) ओळखीच्या एका जुन्या वाड्यातली पायपेटी, म्हणजे संगीत नाटकात असायचा तसला ऑर्गन. "नेता येत असेल तर घेऊन जा" म्हणतात, पैसे नकोत.

चौथा पर्याय यजमानांचा: एक कॅसिओ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) घेऊन टाक, कटकट मिटली. जो तो वेगळंच सांगून राहिला आहे. मला स्वतःला वाजवता येत नाही. बघायला गेल्यावर नेमकं काय करून पाहू, कुठे हात लावू, ते सांगा.

काळी_चार

ताई, आधी पेटी कसली हवी ते ठरवू, मग तपासणी.

शिकणाऱ्या मुलीला दोन सुरी पेटी भरपूर झाली. (पेटीतला सूर म्हणजे चौकटीत बसवलेली, हवेने थरथरणारी पितळी जीभ.) त्यातही खर्ज-नर जोडी बघा, म्हणजे एक ओळ मधल्या आवाजाची (नर) आणि एक त्याच्या खालच्या सप्तकातली (खर्ज). नर-नर असेल तर दोन सूर एकमेकांपासून किंचित हललेले ठेवलेले असतात. त्याने आवाजाला लाट येते, ऐकायला बरं वाटतं, पण कान तयार होण्याच्या वयात सूर नेमका कुठे आहे ते कळत नाही. तीन सुरीला हवा जास्त लागते, म्हणजे भाता जास्त मारावा लागतो. नऊ वर्षांचा डावा हात पाच मिनिटांत भरून येईल.

पट्ट्यांचा हिशेब असा. प्रत्येक सप्तकात पट्ट्या डावीकडून मोजतात: पांढरी १ ते ७, काळी १ ते ५. पेटी पांढरी १ पासून सुरू होते असं धरा. मुलगी बहुधा काळी ४ किंवा काळी ५ ला गात असेल. मधल्या सप्तकातली काळी ४ षड्ज धरली, तर ३७ पट्ट्यांच्या पेटीत तार सप्तकातला शुद्ध गांधार अगदी शेवटच्या पट्टीवर येतो. मध्यम पेटीतच नाही. ३९ पट्ट्यांत दोन्ही मध्यम मिळतात, पण पंचम नाही. ४२ मध्ये पंचमही मिळतो आणि वर दोन पट्ट्या उरतात. सुरुवातीच्या परीक्षांना ३९ ने काही अडत नाही.

स्टॉपच्या आकड्याला भुलू नका. नऊ स्टॉपपैकी निम्मे तर षड्ज-पंचम धरून ठेवणारे असतात. तानपुऱ्याचं ॲप फोनवर असताना ते कोणी ओढत नाही, आणि वर्षानुवर्षं न ओढल्यामुळे हवा नेमकी तिथूनच गळते.

कपलर सुरुवातीला नकोच. एक पट्टी दाबली की वरच्या किंवा खालच्या सप्तकातली जोडीची पट्टीही दबते, म्हणजे बोटावर दुप्पट जोर. मुलं मग मनगट ताठ करून वाजवायला लागतात आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. पेटीत कपलर असला तर असू द्या, बंद ठेवा. पण त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

आता तपासणी. क्रम बदलू नका, कारण पुढच्या पायरीचा अर्थ मागच्या पायरीवरून लागतो.

पहिलं, सगळे स्टॉप आत (म्हणजे बंद), एकही पट्टी दाबलेली नाही, आणि भाता मारा. चार-पाच झटक्यांत पोटातला भाता भरतो आणि बाहेरचा हाताला घट्ट लागायला लागतो. थांबा, कान लावा. पंखा, कूलर, टीव्ही सगळं बंद करायला सांगा, त्यात संकोच करू नका. फुस्स ऐकू आलं किंवा भाता घट्टच होत नसला, तर गळती भात्यात, हवेच्या पेटाऱ्यात किंवा स्टॉपच्या झडपांत आहे.

दुसरं, भाता भरलेला असतानाच मुख्य स्टॉप (सुरांच्या ओळींना हवा सोडणारे) एकेक करून उघडा. पट्टी अजूनही दाबायची नाही. आता आपोआप सूर वाजला, तर कुठल्या तरी पट्टीखालची झडप नीट बसत नाही. सूर नाही पण नुसती हवा जाते आहे, तर सुरांची फळी जिथे टेकते तिथलं कातडं किंवा लोकर गेली आहे. या एका फरकावरून दुरुस्ती किती मोठी ते निम्मं कळतं. एखादी झडप हे किरकोळ काम आहे. भात्याचं कातडं पूर्ण बदलणं मात्र मोठं.

तिसरं, एक स्टॉप उघडा ठेवून मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबा, भाता पूर्ण भरा आणि हात सोडा. सूर किती टिकतो ते फोनच्या घड्याळावर बघा. दहा सेकंदही टिकत नसेल तर ती पेटी लहान मुलीसाठी नाही. खर्जाचे सूर हवा जास्त खातात, म्हणून ही परीक्षा मधल्याच पट्टीवर घ्या, आणि दोन पेट्या बघणार असाल तर दोन्हींवर तीच पट्टी.

चौथं, कंटाळवाणं पण सगळ्यात कामाचं: एका वेळी एकच स्टॉप उघडून डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी वाजवा. मग दुसरा स्टॉप, पुन्हा सगळ्या पट्ट्या. दोन्ही स्टॉप एकदम उघडून वाजवलं तर एका ओळीतला मुका सूर दुसऱ्याच्या आवाजात लपतो. विकणारे नेमके तसंच वाजवून दाखवतात. कागदावर टिपत जा: मुका, उशिरा बोलणारा, झणझणणारा, जोरात भाता मारल्यावर गुदमरणारा.

सुरात आहे की नाही, हे फोनवरच्या ट्यूनर ॲपवर. पुन्हा एकच स्टॉप, भात्याचा दाब एकसारखा, कारण दाब बदलला की आकडा हलतो. ॲप ४४० हर्ट्झवर (पांढरी ६ चं नेहमीचं माप) ठेवून बघा. सगळ्या पट्ट्या सारख्याच आठ-दहा सेंट (एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत १०० सेंट) वर असतील तर काळजी नको, तानपुऱ्याचं ॲप तेवढं वर घेता येतं. पण शेजारच्या पट्ट्यांत सहा-सात सेंटहून जास्त उलटसुलट फरक असेल तर ट्युनिंगचा खर्च धरा.

एक गोम आहे. काही पेट्या एकाच षड्जासाठी गांधार-ट्युनिंग करून ठेवलेल्या असतात. समजा काळी १ हा षड्ज. मग त्याचा गांधार, म्हणजे पांढरी ४, सुमारे १४ सेंट खाली आणि निषाद, म्हणजे पांढरी १, सुमारे १२ सेंट खाली दिसेल. हा बिघाड नव्हे, मुद्दाम केलेलं आहे आणि त्या पट्टीत फार गोडही लागतं. पण तुमची मुलगी काळी ४ ला बसली की तीच पेटी कणसूर वाटणार.

बर्डीवाला_दादा

कॅसिओच्या बाजूने थोडं. क्लास पेटीचा असेल आणि पुढे गांधर्व महाविद्यालय मंडळाची हार्मोनियमची परीक्षा द्यायची असेल, तर कीबोर्डवर फक्त बोटं तयार होतील. भाता हे अर्धं वाद्य आहे, ते कीबोर्डवर शिकता येत नाही. म्हणून या मुलीसाठी नाही.

ज्यांना कीबोर्डच हवा असेल त्यांच्यासाठी: जुना घेताना ६१ पट्ट्यांचा, पूर्ण आकाराच्या पट्ट्यांचा घ्या. कॅसिओच्या एस-ए मालिकेच्या पट्ट्या छोट्या असतात, त्या खेळण्यापुरत्या ठीक. प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाबून बघा. हळू दाबल्यावर मुकी राहणारी किंवा एकदम किंचाळणारी पट्टी म्हणजे आतल्या रबरी संपर्कांवर धूळ. उघडून साफ करता येतं, पण भाव पाडायला कारण मिळालं. सेलचं झाकण उघडून हिरवट-पांढरा क्षार बघा.

अडॅप्टर मूळचाच मागा. जुन्या कॅसिओंना ९ व्होल्टचा लागतो आणि त्याचा मधला टोक ऋण असतो, यामाहाचा मधला टोक धन. पिन बसते म्हणून कुठलाही लावला तर मशीन जाऊ शकतं.

सागवान_आणि_सूर

वर काळी_चार यांनी बाहेरून तपासायचं सगळं सांगितलं. मी आतलं सांगतो, आणि आपल्या नागपूरच्या हवेचं.

विकणाऱ्याला विचारून वरची फळी काढा. नाही म्हणाला तर तिथेच नमस्कार करून निघा. आत मोबाइलचा टॉर्च मारून पाहायच्या गोष्टी:

झडपांखालचं कातडं. मऊ, फिकट असलं तर उत्तम. काळपट, चकचकीत आणि कडक झालं असेल तर हवा धरत नाही. खूप वाजलेल्या पेटीत कातड्यावर खालच्या भोकाचा चौकोनी ठसा खोल उमटलेला दिसतो. पट्टी जरा बाजूला सरकली की झडप त्या ठशात बसत नाही आणि सूर आपोआप सूं करायला लागतो.

भाता पूर्ण उघडून घड्यांचे कोपरे बघा. कातडं तिथेच दुमडतं, तिथेच आधी विरतं. बोटाने कोपरा हलका दाबून कोणाला तरी भाता मारायला सांगा, बोटाला हवा लागते. सेलोटेप, पंक्चरचं सोल्युशन, फेविकॉलचे थर दिसले तर समजा की कारागिराला दाखवायच्या ऐवजी घरीच भागवलेलं आहे. फेविकॉल वाळल्यावर कडक होतो आणि घडीवर तडकतो. खरं काम मेंढीच्या पातळ कातड्याने आणि सरसाने होतं, आणि त्यासाठी आधीचा सगळा फेविकॉल खरवडावा लागतो. ती मजुरी वेगळी.

लाकडावर बारीक गोल भोकं असतील तर पेटी कागदावर ठेवून चारी बाजूंनी टिचक्या मारा. कागदावर ताजं पिठासारखं पडलं तर भुंगा जिवंत आहे. तशी पेटी फुकट मिळाली तरी घरात आणू नका, बाकीचं फर्निचरही खाईल.

सूर दिसत असतील तर ते पितळेचे आहेत आणि स्वच्छ आहेत एवढंच बघा. हिरवट डाग म्हणजे ओल लागलेली. "जर्मन सूर", "पॅरिस सूर" असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि भाव मात्र साध्या सुराचाच बोला. आपल्याकडच्या पुष्कळ पेट्यांत गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर असतात. नीट बसवलेले आणि जुळवलेले असले की ते मुलीचं शिक्षण आरामात पार पाडतात.

आता हवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत. लाकूड आकसतं, सांधे उघडतात, पट्ट्या खुळखुळतात. त्याच खोलीत डेझर्ट कूलर लावला की लाकडाला एकदम ओल मिळते. दिवसभर कोरडं, रात्री ओलं. पेटीची वाट लावायला याहून सोपा उपाय नाही. स्प्रिंगा गंजतात, सरस सुटतो. मग पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पट्ट्या एकमेकींना घासून अडकायला लागतात. म्हणून पावसाळ्यात अडकणारी पट्टी बघून लगेच घासायला घेऊ नका. कोरड्या दिवसांत तीच पट्टी ढिली होईल.

ट्युनिंग दिवाळीच्या सुमाराला करून घ्यावं, हवा त्या वेळी मधली असते. कूलरच्या झोतात, पश्चिमेच्या खिडकीखाली आणि बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका. वर सुती खोळ घाला. प्लास्टिकने ओल कोंडते. आत कीटकनाशक मारायचं नाही, सिलिका जेलच्या दोन पुड्या पुरे. आणि भाता नेहमी मिटून, कडी लावून, पट्ट्यांवर झाकण ठेवून. झुरळाला कातडं आणि लोकर दोन्ही आवडतं.

भजनी मंडळाची पेटी वाईटच असते असं नाही. रोज वाजलेली पेटी बंद पडून राहिलेलीपेक्षा बरी असते. फक्त तिथे पुरुषांची पट्टी काळी १, काळी २ असते, त्यामुळे मधल्या सप्तकातल्या त्याच आजूबाजूच्या पट्ट्या झिजलेल्या असतात. तिथे जास्त वेळ द्या. उदबत्तीची राख आणि बुक्का आत सापडेलच, तो साफ होतो.

नाट्यपदवेडा

पायपेटीबद्दल कोणी बोललंच नाही, म्हणून.

हातपेटीत भाता हवा सुरांतून बाहेर ढकलतो. अशा बहुतेक ऑर्गनांत उलटं असतं: पायाने हवा उपसली जाते आणि बाहेरची हवा सुरांतून आत ओढली जाते. म्हणून तो आवाज गोल आणि मऊ, नाट्यपदाच्या मागे शोभणारा. दोन्ही हात मोकळे राहतात हा फायदा. पण तुमच्या मुलीला क्लासमध्ये डाव्या हाताने भाता मारायचा आहे आणि इथे डावा हात रिकामा. शिवाय नऊ वर्षांच्या मुलीचे पाय दोन्ही पायट्यांवर पूर्ण पोचत नाहीत. ती खुर्चीच्या टोकावर घसरून बसेल आणि पाठ वाकेल.

आत रबर चढवलेलं कापड असतं. काही दशकांनी ते कडक होऊन भेगाळतं, आणि बदलायचं तर सगळा सांगाडा उघडावा लागतो. पायटे मारून बघा: सगळे स्टॉप बंद असताना चार-सहा वेळा मारल्यावर पाय जड लागले पाहिजेत आणि थांबल्यावर तो ताण लगेच सुटता कामा नये. पाय कायम हलकेच राहत असतील तर कापड गेलंच. पायट्यांच्या फटीतून उंदीर शिरतात, तेव्हा मागची फळी काढून लेंड्या आणि कुरतडलेली लोकर आहे का पाहा. एक गोष्ट मात्र सोयीची: या ऑर्गनातला एकेक सूर खाचेतून आकड्याने बाहेर ओढता येतो, पुसून परत सरकवता येतो. मुक्या सुराला फळी खोलावी लागत नाही.

उचलायला तीन-चार माणसं आणि छोटा टेम्पो. तळमजला असेल, जागा असेल आणि कापड शाबूत असेल तर आणून ठेवा, मुलगी मोठी झाल्यावर उपयोगी पडेल. शिकायला मात्र हातपेटीच.

मानेवाड्याची_आई

सगळ्यांचे आभार. दोन्ही हातपेट्या तुमच्या क्रमाने तपासून आले.

महालची: स्टॉप बंद असताना शांत. नराचा स्टॉप उघडल्यावर मधल्या सप्तकातली काळी १ पट्टी न दाबता बारीक सूं करते. खर्जाच्या ओळीत पहिल्या सप्तकातली पांढरी ३ मुकी. सूर १७ सेकंद टिकला. ट्यूनरवर बहुतेक पट्ट्या ८ ते १० सेंट वर, पण मधल्या काळी १ आणि काळी २ अनुक्रमे ६ आणि ९ सेंट खाली. भात्याचे कोपरे चांगले, टेप नाही. वरची फळी त्यांनी स्वतःच काढून दाखवली.

धरमपेठची: दिसायला नवीकोरी. पण स्केल बदलून दोन घरं सरकवल्यावर एक पट्टी दाबली की शेजारचा सूरही कण्हतो. पहिल्या घरात ठीक आहे. ते म्हणतात, "वापरत जा, बसेल आपोआप."

काळी_चार

धरमपेठची सोडा. आपोआप काही बसत नाही. सरकणारा पट्ट्यांचा सांगाडा आणि खालच्या झडपा यांची रेघ जुळत नाही, म्हणून एक पट्टी दोन झडपांवर चढते. लाकूड वाकलं असेल तर ते पूर्ण जुळवणं किचकट काम. शिवाय स्केल चेंजर पेटी वजनाला चांगलीच भारी, रोज काढ-घाल तुम्हालाच करावी लागेल. आणि मुलीने बारापैकी कुठलीही पट्टी षड्ज धरून बोटं फिरवायला शिकायचं असतं, त्या वयात स्केल चेंजर हवा कशाला?

सागवान_आणि_सूर

महालची घ्या. तुम्ही लिहिलेल्या चारही गोष्टींचा अर्थ लागतो.

काळी १ चं सूं म्हणजे वर सांगितलेला ठसा. भजनात तीच पट्टी सगळ्यात जास्त वाजली. त्या एका झडपेचं कातडं बदलायचं, स्प्रिंग ढिली वाटली तर तीही. मुका सूर बहुतेक वेळा कचऱ्यामुळे असतो: जिभेच्या आणि चौकटीच्या फटीत उदबत्तीच्या राखेचा कण अडकतो. टाचणी खुपसू नका, जीभ वाकते. फळी काढल्यावर पातळ कोरा कागद जिभेखालून अलगद ओढला की कण निघतो. त्यानेही बोलला नाही तर जीभ तडकली असेल, तेव्हा तेवढा एक सूर नवा. तो त्याच मापाचा आणि शेजारच्यांशी जुळणाऱ्या आवाजाचा हवा.

काळी १, काळी २ उतरल्या आहेत त्याचं कारणही बहुधा मळच. जिभेच्या टोकावर मळ बसला की टोक जड होतं आणि सूर उतरतो. म्हणून कारागिराला स्पष्ट सांगा: आधी सगळे सूर साफ करा, मग मोजा, मगच कानस लावा. मळ तसाच ठेवून टोक घासलं, तर सूर आज वर येईल, आणि पुढे कधी मळ निघाला की प्रमाणाबाहेर चढेल. मग उतरवायला मुळाशी घासावं लागतं. दोन्हीकडून पितळ कमी होऊन जीभ कमजोर होते.

भावाचं बोलताना मुका सूर आणि सूं करणारी पट्टी दोन्ही त्यांच्यासमोर वाजवून दाखवा, आणि सफाई, झडप, ट्युनिंग या तिन्हींचा खर्च कारागिराकडून वेगवेगळा विचारून मग आकडा बोला. सगळं धरून तुमच्या १२ हजारांच्या पुष्कळ आत बसायला हवं.

आणताना भाता मिटून कडी लावा, खाली जाड सतरंजी घालून ऑटोत सपाट ठेवा. ॲक्टिव्हाच्या पायाशी उभी करून आणू नका, गतिरोधकाच्या प्रत्येक धक्क्याला झडपा उसळतात. घरी आल्यावर आठवडाभर त्याच खोलीत राहू द्या, मग ट्युनिंगला पाठवा. आणि पाठवायच्या आधी क्लासमधल्या पेटीची काळी ४ आणि पांढरी ६ ट्यूनरवर मोजून किती सेंट वर-खाली आहेत ते कारागिराला लिहून द्या. त्याच उंचीवर लावून घेतली म्हणजे क्लासमध्ये आणि घरी मुलीच्या कानाला एकच षड्ज मिळेल.